ड्रॅगच्या कार्बोरेटर गाडीला कोणता हेडर? आवाजावर जाऊ नका, आरपीएम बघा

आदिलाबाद : जुनी मारुती 800 किंवा यामाहा आरएक्स 100 घेऊन एखादा पोरगा गॅरेजात आला आणि त्याच्या डोक्यात ड्रॅग रेसिंग असलं, की पहिली मागणी ठरलेली असते. "भाऊ, सायलेन्सर काढा, मोठा पाइप टाका." मिस्त्री पाइप टाकतो, गाडी बोंबलायला लागते, गल्लीतले लोक बाहेर येऊन बघतात आणि पोराला वाटतं, गाडी उडाली. घड्याळ लावून मोजलं तर बऱ्याचदा उलटंच निघतं. आवाज वाढला, पिकअप गेला. पुढे प्लग पांढरा पडतो, पिस्टन जाम होतो आणि बोरिंगचा खर्च वेगळा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. पण एपी-01 ची जुनी पाटी असलेल्या आदिलाबादच्या गाड्या, पैनगंगेपलीकडच्या एमएच-29 म्हणजे यवतमाळच्या, नाहीतर एमएच-26 आणि एमएच-34 म्हणजे नांदेड-चंद्रपूरच्या जुन्या गाड्या अजून धावतात. त्यांच्यावर प्रयोग करणं स्वस्त पडतं, कारण आत कॉम्प्युटर नाही. मात्र कॉम्प्युटर नाही म्हणजे चूक झाली तर सांभाळून घेणाराही कोणी नाही. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर थोडंफार सावरून घेतात. कार्बोरेटरच्या गाडीत पाइप चुकला की त्याची किंमत थेट इंजिन मोजतं.

पाइपचं काम नुसता धूर काढणं नाही

कंपनीच्या गाडीत हेडला बोल्टने लावलेला बिडाचा जाड तुकडा असतो, तो मॅनिफोल्ड. त्यातले रस्ते आखूड असतात आणि सगळ्या सिलिंडरचा धूर लगेच एकत्र येतो. स्वस्त, टिकाऊ, पण सिलिंडर एकमेकांच्या तोंडावर धूर फेकतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब पाइप मिळतो आणि ते सगळे पुढे एका नळीत, म्हणजे कलेक्टरमध्ये मिळतात. मोटारसायकलवाले ज्याला बेंड पाइप म्हणतात तो एका सिलिंडरचा हेडरच.

एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडला की आतला दाब धक्क्यासारखा बाहेर पडतो. तापलेल्या वायूतून हा धक्का सेकंदाला साधारण 500 ते 600 मीटर वेगाने पळतो. धूर स्वतः त्यामानाने हळू जातो, धक्का त्याच्या पुढे. धक्का पाइपच्या उघड्या तोंडाशी पोचला की तो परत फिरतो, पण उलटा होऊन. गेला तेव्हा ढकलणारा होता, येताना ओढणारा होतो. ही ओढणारी लाट वॉल्व्हपाशी नेमकी तेव्हा पोचली, जेव्हा एक्झॉस्ट वॉल्व्ह बंद होत आलेला आहे आणि इनटेक वॉल्व्ह उघडायला लागला आहे, तर ती उरलासुरला धूर ओढून नेते आणि कार्बोरेटरकडचं ताजं मिश्रण आत खेचते. पिस्टन खाली जायच्या आधीच सिलिंडर भरायला लागतो. फुकटची ताकद म्हणतात ती हीच.

वेळ चुकली तर तीच लाट नुकसान करते. 6000 आरपीएमला इंजिनचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. अर्ध्या फेऱ्याच्या वेळात लाट पावणेतीन मीटर पळून जाते. म्हणूनच लांबी वीतभर इकडची तिकडे झाली की खेळ बदलतो.

इथं एक जुना गैरसमज बाजूला ठेवायला हवा. "इंजिनला बॅक प्रेशर लागतंच" असं अनेक चांगले मिस्त्रीही सांगतात. कोंडलेला दाब कुठल्याच इंजिनला नको असतो. लागतो तो वेग. पाइप काढून टाकला किंवा फार मोठा टाकला की धुराचा वेग पडतो, ओढणारी लाट बिघडते, वर जेट तोच राहिल्यामुळे पेट्रोल कमी पडतं. गाडी मंदावते. मग लोक म्हणतात, बॅक प्रेशर गेलं. निदान चुकलं तरी गाडी मंदावली हे त्यांनी बरोबर पाहिलेलं असतं.

मारुती 800 वर हिशोब करून बघू

चार स्ट्रोक इंजिनसाठी ट्यूनर मंडळींचा एक जुना ठोकताळा आहे. कॅमशाफ्टच्या कागदावर एक्झॉस्ट वॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याच्या किती अंश आधी उघडतो ते लिहिलेलं असतं. त्यात 180 मिळवा. आलेल्या आकड्याला 850 ने गुणा, हव्या त्या आरपीएमने भागा आणि 3 वजा करा. पाइपची लांबी इंचात मिळते. जाडीसाठी लांबीत 3 मिळवून 25 ने गुणायचं, एका सिलिंडरच्या सीसीला त्या आकड्याने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि 2.1 ने गुणायचं. हा आतला व्यास, तोही इंचातच.

कार्बोरेटरवाल्या मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. म्हणजे एका सिलिंडरला साधारण 265 सीसी. समजा वॉल्व्ह 60 अंश आधी उघडतो. 6500 आरपीएम धरले तर लांबी येते 72 सेंटीमीटर आणि आतला व्यास 31 मिलिमीटर. 5500 धरले तर लांबी 87 सेंटीमीटर आणि व्यास साडेअठ्ठावीस मिलिमीटर. आरपीएम जितके जास्त, पाइप तितका आखूड आणि रुंद.

आता यातला कुठला आकडा घ्यायचा? बहुतेक जण इथंच चुकतात. त्यांना वाटतं, इंजिन 6500 पर्यंत खेचतो तर 6500 धरायचे. पण ड्रॅगमध्ये गाडी 6500 वर उभी राहत नाही. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण 3.5 आणि दुसऱ्याचं 2.1 आहे. 6500 वर गिअर टाकला की काटा खाली येतो 3900 वर. तिथून परत चढायला लागतो. तिसरा गिअर 1.4 चा असेल तर पुन्हा 4300 च्या आसपास. पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची सगळी धाव इंजिन 4000 ते 6500 च्या मध्ये काढतं. शेवटच्या टोकाला ताकद देणारा पाइप गिअर पडल्याबरोबर झोपतो, आणि झोपलेली गाडी उठवण्यात जो वेळ जातो तो पुढे भरून निघत नाही. म्हणून हिशोब 5500 च्या जवळपास करायचा.

साडेअठ्ठावीस मिलिमीटर म्हणजे बाजारात काय मागायचं? पाइपवाला बाहेरचं माप सांगतो. सव्वा इंची पाइप बाहेरून 31.75 मिलिमीटर, पत्रा 1.6 मिलिमीटरचा असेल तर आतून नेमका साडेअठ्ठावीस. दिसायला हा पाइप बारीक वाटतो, आणि मोठा पाइप मागणाऱ्या पोराला तो पटवणं अवघड जातं. त्याला हवा असतो दीड इंची. तो आतून 35 मिलिमीटर भरतो, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दीडपट आणि धुराचा वेग दोन तृतीयांश. अमेरिकेतल्या ड्रॅगच्या व्हिडिओत मोठमोठे हेडर दिसतात हे खरं, पण तिथल्या 5.7 लिटरच्या व्ही-8 मध्ये एकेक सिलिंडर 700 सीसीच्या वर असतो. आपल्या 800 चं अख्खं इंजिन जवळपास तेवढं.

ठोकताळा हा सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा नाही. कॅम बदलला, हेडचं पोर्टिंग केलं की तो परत काढावा लागतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनला एक सोय आहे. त्याचे धक्के 240 अंशांच्या सारख्या अंतराने येतात, त्यामुळे तिन्ही पाइप एकाच कलेक्टरमध्ये नेले तरी भांडण होत नाही. चार सिलिंडरच्या गाडीत, म्हणजे जुन्या कार्बोरेटरवाल्या एस्टीम किंवा झेनमध्ये, दोन मार्ग आहेत. चारही पाइप एकदम एकात मिळवले तर वरच्या आरपीएमला ताकद जास्त. आधी दोन-दोनच्या जोड्या आणि मग एक केला तर मधल्या पट्ट्यात खेच चांगली. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असेल तर जोड्या 1 आणि 4, 2 आणि 3 अशा लावायच्या. स्टॉक गिअरबॉक्सच्या गाडीला बहुधा हा दुसरा मार्ग मानवतो, कारण गिअर पडताना काटा बराच खाली येतो.

कलेक्टरच्या पुढच्या नळीची लांबी कागदावर काढण्यापेक्षा ट्रॅकवर काढलेली बरी. जुने ड्रॅगवाले मुद्दाम लांब नळी लावतात, तिच्यावर साध्या पेंटचा पट्टा ओढतात, एक पूर्ण धाव घेतात आणि पेंट जिथं जळायचा थांबला तिथं नळी कापतात. ऐकायला गावठी वाटतं, पण अनेकांनी वर्षानुवर्षं वापरलेली युक्ती आहे.

कार्बोरेटरला कळत नाही की पाइप बदलला

हेडर बसला आणि तो खरंच काम करायला लागला की इंजिन जास्त हवा ओढतं. कार्बोरेटरमधला मेन जेट मात्र जुन्याच भोकाचा. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लीन इंजिन तापतं. पूर्ण थ्रॉटलवर ते सहन होत नाही, आणि ड्रॅगमध्ये तर सगळं पूर्ण थ्रॉटलवरच असतं. म्हणून हेडरच्या खर्चात जेटच्या संचाचा खर्च आधीच धरावा. आधी एक-दोन नंबर मोठा जेट टाकून रिचकडून सुरुवात करायची आणि मग हळूहळू खाली यायचं. लीनकडून सुरू करणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

तपासायची पद्धत जुनीच आहे. नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलवर धाव काढा, टोकाला क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा आणि गाडी थांबल्यावर प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी आहे, काळा-काजळी असेल तर जास्त. हे बंद ट्रॅकवर करायचं, बाजाराच्या रस्त्यावर नाही. धाव संपल्यावर गाडी आयडलवर चालवत आणली आणि मग प्लग काढला तर तो आयडलचा रंग दाखवतो, धावेचा नाही.

आदिलाबादकरांना यात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे इथलं हवामान. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच 10 च्या खाली जातो. 45 अंशांच्या हवेपेक्षा 10 अंशांची हवा साधारण 12 टक्के घट्ट असते. म्हणजे मे महिन्यात बरोबर बसवलेला जेट डिसेंबरच्या सकाळी लीन पडतो. थंडीत गाडी आधी मस्त पळते, कारण घट्ट हवेत दम असतो, आणि तेवढ्यातच पिस्टन जातो. चेन्नईच्या दमट उन्हात जमवलेला जेट घरी आल्यावर तसाच ठेवायचा नसतो. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. हेडरचा पत्रा पातळ, तो उष्णता चारी बाजूंना फेकतो. कार्बोरेटर जवळ असेल तर त्याच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि स्टार्ट लाइनवर उभी गाडी फडफडायला लागते. मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आड लावली तरी बराच फरक पडतो.

चुकीच्या लांबीच्या पाइपची एक खूण कार्बोरेटरच्या तोंडाशीच दिसते. एअर फिल्टर काढून रेस दिली की काही आरपीएमला तोंडावर पेट्रोलचं धुकं तरंगतं. उलटी आलेली लाट मिश्रण परत वर ढकलते, आणि तीच हवा दोनदा कार्बोरेटरमधून गेल्यामुळे दोनदा पेट्रोल उचलते. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर खराब आहे, साफ करून देतो. तिसऱ्यांदा साफ करूनही धुकं तिथंच असेल तर लांबीकडे बघायला हवं. पाइपचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा थोडं मोठं ठेवलं की तिथं एक छोटी पायरी तयार होते, ती उलट येणाऱ्या लाटेला अडवते. उलट केलं, म्हणजे पाइप किंवा गॅस्केटची कड पोर्टच्या आत आली, की सगळ्या हिशोबावर पाणी.

करून घेताना

पाइप वाकवताना तो दबला की व्यासाचा हिशोब गेला. मशीनवर आतून आधार देऊन वाकवलेला पाइप मिळाला तर उत्तम. नाही तर कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, तापवून वाकवायची जुनी रीत आहे. वाळूत ओल राहिली तर वाफ होऊन बूच उडतं, तेव्हा वाळू आधी भाजून घ्यायची. जस्ताचा पाइप वेल्डिंगला घेऊ नका, त्याचा धूर अंगाला बाधतो. फ्लॅंज 8 ते 10 मिलिमीटर जाड हवा आणि वेल्ड करताना तो भंगारातल्या जुन्या हेडला बोल्टने घट्ट बांधलेला हवा. तसा नसला तर वाकतो आणि मग गॅस्केट फुटत राहतं. हेडरला पट्टी गुंडाळली की उष्णता आत राहते हे खरं, पण साध्या लोखंडी पाइपला त्याच पट्टीतली ओल गंजवते. पाइप सारख्या लांबीचे ठेवा. बॉनेटखाली जागा नाही म्हणून एक आखूड आणि दोन लांब केले तर तिन्ही सिलिंडरला वेगवेगळा जेट लागेल, आणि कार्बोरेटर तर एकच आहे.

आरएक्सचं गणित वेगळं

1985 ते 1996 या काळात बनलेली 98 सीसीची आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक. तिला वॉल्व्ह नाहीत, पोर्ट आहेत, त्यामुळे पाइप हा जवळपास अर्धं इंजिन. इथं नुसती ओढणारी लाट पुरत नाही. आधी ओढणारी आणि मागून ढकलणारी अशा दोन लाटा लागतात, कारण ताजं मिश्रण पोर्टमधून बाहेर निसटतं आणि ते परत आत कोंबावं लागतं. म्हणून पाइप आधी रुंदावत जातो, मध्ये पोट येतं, मग उलटा शंकू आणि शेवटी बारीक नळी. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनिअरने हे तंत्र रेसिंगसाठी पक्कं केलं. त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर 1961 मध्ये पळून पश्चिमेकडे गेला, हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं आणि 1962 मध्ये डेगनरने सुझुकीवर 50 सीसीची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. एका पाइपच्या आकारासाठी एवढं रामायण झालं.

एक्झॉस्ट पोर्ट 180 अंश उघडा असेल तर 9000 आरपीएमसाठी पोर्टपासून उलट्या शंकूपर्यंतची लांबी साधारण 86 सेंटीमीटर येते, 7500 साठी 104. स्टॉक आरएक्स 100 ची 11 बीएचपी ताकद 7500 लाच मिळते. म्हणून पोर्टिंग न करता 9000 चा रेसिंग पाइप चढवला की खालची खेच जाते आणि वरची हाती येत नाही. त्याहून वाईट म्हणजे मागची जाळी काढून टाकणं. आवाज फुटतो, दाबाचं गणित बिघडतं, मिश्रण हलतं आणि पिस्टन तापतो.

रस्त्यावर हे चालत नाही

"इंदोरी" असो की "पंजाबी", बाजारात मिळतो म्हणून तो रस्त्यावर चालतो असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज दाबणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 ए खाली अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम 190 वेगळं, त्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि 3 महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद आहे. हा केंद्राचा कायदा, भोरज नाक्याच्या अलीकडे आणि पिंपळखुटीच्या पलीकडे सारखाच. सायलेन्सर रांगेत मांडून रोलर फिरवल्याचे फोटो दोन्ही राज्यांतून आलेले आहेत.

राष्ट्रीय महामार्ग 44 रात्री सरळ आणि मोकळा दिसतो. त्यावर कापसाचे ट्रक, बिनादिव्याच्या बैलगाड्या आणि गुरं असतात, आणि 402 मीटर संपल्यावर थांबायला तेवढाच किंवा त्याहून जास्त रस्ता लागतो हे शर्यत लावणाऱ्यांच्या लक्षात नसतं. मान्यताप्राप्त शर्यती एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेच्या परवान्याने बंद ट्रॅकवर होतात. चेन्नईजवळच्या मद्रास मोटर रेस ट्रॅकवर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत आणि त्यात टू-स्ट्रोकला वेगळे वर्ग असतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ड्रॅगचे मेळावे झाले आहेत. इकडून दोन्ही ठिकाणं लांब पडतात. गाडी छोट्या हत्तीत टाकून न्यावी लागते, आणि तसंच केलेलं बरं.

गाडी एकच असेल आणि तीच रोज कामालाही लागत असेल, तर मूळ मॅनिफोल्ड, सायलेन्सर आणि जुना जेट भंगारात देऊ नका. हेडर बोल्टवर बसवा, ट्रॅकवर चढवा, परतताना उतरवा. सोबत एक वही ठेवा. तारीख, सकाळ की दुपार, तापमान, जेटचा नंबर, नळीची लांबी, प्लगचा रंग आणि धावेचा वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाइप आणि जेट दोन्ही एकदम बदलले आणि गाडी अर्ध्या सेकंदाने हळू झाली, तर दोष कुणाचा हे मिस्त्रीलाही सांगता येणार नाही.